दूध बिलाच्या संदेशातील प्रश्नचिन्हे : करवीर तालुक्यातील एका दूध संस्थेचे प्रकरण

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठी असलेल्या एका गावातील प्राथमिक दूध संस्थेने गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक ठराव केला. दर दहा दिवसांनी उत्पादकांच्या मोबाइलवर जाणारा दूध बिलाचा संदेश यापुढे इंग्रजीऐवजी मराठीत पाठवावा, असा तो ठराव होता. संस्थेला नियमित दूध घालणारे ४१२ उत्पादक आहेत. त्यांतील बहुतेक घरांत म्हशींचे सगळे करून सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन संस्थेत येतात त्या महिलाच, आणि इंग्रजी संदेश आला की तो वाचून घ्यायला मुले शाळेतून परत येईपर्यंत थांबावे लागते, ही त्यांची जुनी तक्रार होती. ठराव दोन ओळींचा होता, पण तो अमलात यायला अडीच महिने लागले. त्या काळात संदेश आधी प्रश्नचिन्हांच्या रूपात पोहोचले, मग उत्पादकांच्या नावांच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे उमटली, पुढे एका बिलाचे सर्व संदेश वाटेतच अडवले गेले, आणि अखेर संदेश नीट गेले तेव्हा खर्च तिप्पट झाला.

संस्थेचे सचिव प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील असल्याने हे प्रकरण त्याच्याकडे आले. लेखकाचा व्यवसाय शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांसाठी छोट्या संगणक प्रणाली लिहिण्याचा आहे. दुधाशी त्याचा संबंध चहापुरता. तरीही हे चार बिघाड वरवर वेगळे दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच असावे, असा संशय पहिल्या भेटीतच आला, आणि तो बहुतांशी खरा ठरला. प्रत्येक ठिकाणी आकडे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे बिनचूक गेले होते; त्या आकड्यांचा अर्थ कोणत्या तक्त्यावरून लावायचा, याबद्दल मात्र दोन टोकांचे एकमत नव्हते.

काट्यापासून संगणकापर्यंत

या संस्थेतील प्रत्येक उत्पादकाला एक कोड नंबर आहे. संकलनाच्या वेळी नाव कोणी विचारत नाही. किटली काट्यावर ठेवताना बाई "बेचाळीस" एवढेच म्हणतात आणि पुढचे सगळे त्या आकड्यावर चालते. हा ४२ क्रमांक या संस्थेत ज्या घराचा आहे, तोच शेजारच्या गावातील संस्थेत दुसऱ्याच घराचा असतो. दोन्ही संस्थांची वही आपापल्या जागी बरोबर असते, पण एका संस्थेची पावती दुसऱ्या संस्थेच्या वहीशी ताडून पाहिली तर पैसे भलत्याच खात्यात जातील. संगणकातील अक्षरांचेही नेमके असेच आहे. संगणक अक्षर साठवत नाही किंवा पाठवत नाही. तो क्रमांक पाठवतो, आणि तो क्रमांक कोणत्या वहीतला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असेल तरच त्यातून अक्षर उभे राहते. सचिवांना हा मुद्दा समजावून सांगताना हेच उदाहरण दिले, आणि पुढे संपूर्ण तपासात "ही कुणाची वही?" हाच आमचा प्रश्न राहिला.

संस्थेतील इलेक्ट्रॉनिक काटा संगणकाला सीरियल केबलने जोडलेला आहे. दूध ७.४० किलो भरले की काटा चार क्रमांक पाठवतो : ५५, ४६, ५२, ४८. अस्की या १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन तक्त्यात ५५ म्हणजे सात हा अंक, ४६ म्हणजे टिंब, ५२ म्हणजे चार आणि ४८ म्हणजे शून्य. प्रत्येक क्रमांक आठ बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा आठ घरांत, मांडून त्याच्या पुढे सुरुवातीचे आणि मागे शेवटचे एकेक बिट लावले जाते, त्यामुळे एका चिन्हाला दहा बिटे लागतात आणि सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने ९६० चिन्हे जाऊ शकतात. काटा बसवणाऱ्याने दोन्ही टोकांना एकच वेग आणि एकच मांडणी ठेवलेली होती, म्हणून हा टप्पा वर्षानुवर्षे तक्रारीविना चालला आहे. उद्यमनगरात संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांना याच प्रकारच्या केबलने प्रोग्रॅम पाठवताना वेगळा अनुभव येतो. यंत्र सात बिटे आणि सम पॅरिटी (१ या बिटांची संख्या सम करण्यासाठी जोडलेले तपासणीचे बिट) धरून पाठवत असेल आणि संगणक आठ बिटे धरून वाचत असेल, तर शून्य आणि टिंब बरोबर दिसतात, सात आणि चार मात्र बिघडतात, कारण ज्या क्रमांकात १ या बिटांची संख्या विषम असते तिथे पॅरिटीचे बिट १ होते आणि संगणक त्याला क्रमांकाचाच भाग समजतो. अर्धवट बरोबर दिसणारी माहिती पूर्ण चुकीच्या माहितीपेक्षा जास्त फसवते. येथे ती अडचण नव्हती, म्हणून काट्याला तपासातून लगेच वगळले.

पहिली चाचणी आणि प्रश्नचिन्हांची मोजदाद

पहिल्या चाचणीत सचिवांनी स्वतःच्याच मोबाइलवर "दूध बिल जमा." एवढा मजकूर पाठवला होता. पोहोचला तो असा : "??? ??? ???." संदेश पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनमध्ये मराठी नसल्याचे कारण दिले, परंतु त्याच फोनवर सचिव रोज मराठीत गप्पा मारत होते, त्यामुळे ते कारण टिकणारे नव्हते.

प्रश्नचिन्हे मोजल्यावर बरेच काही कळले. डोळ्याला "दूध" या शब्दात दोन अक्षरे दिसतात, पण युनिकोड या जगातील लिप्यांच्या सामाईक तक्त्यात त्याच्या तीन खुणा आहेत : द, ऊकाराची मात्रा आणि ध. त्यांचे क्रमांक अनुक्रमे २३४२, २३७० आणि २३४३. एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत, ० ते २५५ इतकेच आकडे बसत असल्यामुळे हे क्रमांक जसेच्या तसे एका बाइटमध्ये मावत नाहीत. संस्थेची प्रणाली ते यूटीएफ-८ या पद्धतीने बांधते. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तिच्यात देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांत मांडली जाते. २३४२ हा क्रमांक बिटांत लिहून त्याचे चार, सहा आणि सहा बिटांचे तुकडे पाडतात. पहिल्या तुकड्यापुढे १११० आणि उरलेल्या दोन्हींपुढे १० लावतात. आणि २२४, १६४, १६६ हे तीन बाइट तयार होतात. पहिल्या बाइटच्या सुरुवातीचे १११० "येथून तीन बाइटांची खूण सुरू होते" असे सांगते, आणि १० ने सुरू होणारा बाइट नेहमीच कुणाच्या तरी मागचा असतो. त्यामुळे मजकूर मध्येच तुटला, तरी वाचणाऱ्याला पुढची खूण कोठून सुरू होते हे शोधता येते. इतक्या साध्या युक्तीत इतका उपयोग भरलेला क्वचितच आढळतो.

आता "दूध" चे हे नऊ बाइट कोणी एकेक बाइट म्हणजे एकेक अक्षर असे समजून वाचले असते, तर नऊ चिन्हे दिसली असती, आणि त्यांत स्वरचिन्ह लावलेली युरोपीय अक्षरे पुन्हा पुन्हा आली असती, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट २२४ असतो आणि पश्चिम युरोपच्या तक्त्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेले लहान ए. तसे घडलेले नव्हते. प्रत्येक शब्दाला बरोबर तीन प्रश्नचिन्हे आली होती, म्हणजे बाइट ओळखून त्यांच्या खुणा कोणीतरी बरोबर बांधल्या होत्या, आणि नंतर त्या खुणा आपल्या तक्त्यात नाहीत असे पाहून प्रत्येकीच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठेवले होते. बाइटचे चुकीचे वाचन पुन्हा उलटवता येते. प्रश्नचिन्ह झालेला मजकूर मात्र कायमचा गेलेला असतो, कारण तीन वेगळ्या क्रमांकांच्या जागी एकच क्रमांक, ६३, लिहिला गेलेला असतो. बिघाडाची जागा यावरूनच ठरली. संस्थेची प्रणाली निर्दोष होती, मोबाइलही निर्दोष होता, आणि अदलाबदल कंपनीच्या गेटवेवर, म्हणजे संदेश मोबाइलच्या जाळ्यात सोडणाऱ्या संगणकावर, होत होती.

मोबाइलच्या लघुसंदेशाची मूळ वही सात बिटांची आहे. तीत इंग्रजी अक्षरे आहेत, अंक आहेत, उत्तर युरोपातील भाषांची अक्षरे आहेत, अगदी काही ग्रीक मोठी अक्षरेही आहेत, पण देवनागरीतील एकही खूण नाही. प्रत्येक संदेशासोबत एक बाइट असा जातो की मजकूर कोणत्या तक्त्यावरून वाचायचा ते त्याच्यावरून कळते : तो ० असेल तर सात बिटांचा तक्ता, ८ असेल तर सोळा बिटांचा युनिकोड. संस्थेच्या प्रणालीने संदेशाचा प्रकार सांगितलेलाच नव्हता, आणि न सांगितल्यास गेटवे तो साधा धरत होता. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हे एका ओळीत लिहिलेले होते. ती ओळ प्रणाली लिहिणाऱ्याने वाचली नव्हती, आणि इंग्रजी संदेश व्यवस्थित जात असल्यामुळे ती वाचण्याची वेळही कधी आली नव्हती. "प्रकार : युनिकोड" हे दोन शब्द जोडल्यावर पुढचा संदेश मराठीत आला. त्या संध्याकाळी सचिवांनी संपूर्ण संचालक मंडळाला तो फोन दाखवला.

नावांचा गोंधळ

आनंद दोन दिवस टिकला. संदेशाची सुरुवात "नमस्कार" आणि पुढे उत्पादकाचे नाव अशी ठरली होती. दुसऱ्या चाचणीत "नमस्कार" बरोबर आले, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा ढीग होता. ज्याचे नाव राम, त्याच्यापुढे जे, के आणि ई ही तीन अक्षरे उमटली होती. सचिव चक्रावले, कारण संस्थेच्या संगणकावर हीच नावे वर्षानुवर्षे मराठीत दिसत होती आणि पावत्याही मराठीतच छापल्या जात होत्या.

ती नावे मराठीत कधीच साठवलेली नव्हती. रेमिंग्टन टंकयंत्राच्या मांडणीवर बेतलेल्या जुन्या फाँटांत इंग्रजी जेच्या जागी र चा आकार, केच्या जागी काना आणि ईच्या जागी म चा आकार चित्ररूपाने बसवलेला असतो. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, आणि तो विशिष्ट फाँट लावला की डोळ्यांना मराठी दिसते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक प्रसिद्ध केले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, तरी लग्नपत्रिकांपासून सहकारी संस्थांच्या वार्षिक अहवालांपर्यंतचे छपाईचे जग पुढे कित्येक वर्षे या चित्रांवरच चालले. त्यात गैर काही नव्हते, कारण छापण्यासाठी आकार पुरतो. मजकूर दुसऱ्या यंत्राकडे पाठवायचा झाला की आकार कुचकामी ठरतो, कारण फाँट मजकुरासोबत जात नाही, जातात ते फक्त क्रमांक.

नावे युनिकोडमध्ये आणणे हे केवळ एका क्रमांकाऐवजी दुसरा लिहिण्याचे काम नव्हते. जुन्या फाँटांत खुणा हाताने लिहिताना ज्या क्रमाने कागदावर दिसतात त्या क्रमाने ठेवलेल्या असतात, युनिकोडमध्ये त्या उच्चाराच्या क्रमाने ठेवतात. त्यामुळे "शिवाजी" मधील पहिली वेलांटी जुन्या नोंदीत श च्या आधी असते, ती श च्या मागे न्यावी लागते. "पार्वती" मधील रफार जुन्या नोंदीत व च्या नंतर येतो, तो उचलून व च्या आधी र आणि हलन्त अशा दोन खुणांच्या रूपात बसवावा लागतो. त्यासाठी लेखकाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्याने बदललेली सर्व ४१२ नावे सचिव व दोन संचालकांनी दोन रात्री बसून जुन्या पावत्यांशी ताडून पाहिली. हे काम यंत्रावर सोडले नाही ते योग्यच झाले. जोडाक्षरांच्या काही नावांत प्रोग्रॅमने चुका केल्या होत्या, आणि गावात नाव चुकणे ही काही लहान गोष्ट मानली जात नाही.

दिसायला एक, मोजायला दोन

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेशाचा नमुना आधी नोंदवावा लागतो, आणि प्रत्यक्ष संदेश त्या नमुन्याशी जुळला नाही तर तो अडवला जातो. संस्थेने नमुना नोंदवला, तो मंजूरही झाला. त्यानंतर पहिल्या दहा दिवसांच्या बिलाचे सर्व संदेश "नमुना जुळत नाही" या कारणाने परत आले. नोंदवलेला मजकूर आणि प्रणालीतील मजकूर शेजारी ठेवून सचिवांनी, त्यांच्या मुलीने आणि शेवटी गावातील शाळेच्या गुरुजींनी काना-मात्रेसह तपासला. फरक कोणालाही दिसला नाही, आणि दिसणे शक्यही नव्हते.

या प्रकरणातील सर्वांत मराठी म्हणावा असा भाग हाच आहे. आचार्यांना वंदन करणे आणि आचाऱ्यांना वंदन करणे यांतला फरक आपल्या लिपीत र च्या एका वळणाने दाखवला जातो. "शेतकऱ्यांच्या" या शब्दातील तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. त्याच्यासाठी २३५३ क्रमांकाची नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) र ही स्वतंत्र खूण आहे, तिच्यापुढे हलन्त आणि य ठेवले की हवा तो आकार मिळतो. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीची एक अदृश्य जोडखूण आणि मग य असा क्रम असतो. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच उमटतो. पहिल्या पद्धतीत तीन खुणा लागतात, दुसरीत चार. नमुना सचिवांच्या मुलीने मोबाइलवरून टाइप केला होता, आणि तिच्या कळफलकाने पहिला मार्ग घेतला होता. प्रणालीतील मजकूर संगणकावर जुन्या साधनाने टाइप केलेला होता, त्याने दुसरा घेतला होता. भरीला "बँक" हा शब्दही असाच निघाला : मोबाइलवर ब पुढे चंद्रबिंदू ही एकच खूण होती, संगणकावर अर्धचंद्र आणि अनुस्वार अशा दोन. तुलना करणारे यंत्र आकार पाहत नाही, क्रमांकांची रांग पाहते, आणि त्या दोन रांगा खरोखरच वेगळ्या होत्या.

अशा समान दिसणाऱ्या रूपांना एका ठरावीक रूपात आणण्याचे नियम युनिकोडमध्ये आहेत, परंतु त्यांचा येथे उपयोग झाला नाही. र आणि सुटा नुक्ता यांची जोडी त्या नियमांनी एकत्र येते. अदृश्य जोडखूण असलेले रूप आणि नुक्त्याचे रूप मात्र त्यांच्या दृष्टीने वेगळेच राहते. म्हणून उपाय अगदी ओबडधोबड करावा लागला : मंजूर झालेला नमुनाच उचलून प्रणालीत चिकटवला, आणि त्यातील एकही अक्षर पुन्हा टाइप करायचे नाही अशी सूचना संगणकाशेजारच्या भिंतीवर लावली.

मराठीला तिप्पट का

त्यापुढील बिलाचे संदेश अखेर सुटले. संस्थेने दोन बिलांना पुरतील या हिशेबाने १००० क्रेडिट घेतली होती, कारण इंग्रजीत एका संदेशाला एक क्रेडिट लागत असे. यादीतील ३३३ व्या उत्पादकापर्यंत संदेश गेले आणि थांबले. उरलेल्या ७९ घरांतील महिला दुसऱ्या दिवशी सकाळी संकलनाच्या वेळी संस्थेत उभ्या राहिल्या आणि आमचे बिल अडवले काय, असे विचारू लागल्या. बिल सर्वांचेच जमा झाले होते; संदेश गेला नव्हता. पण ज्याला संदेश आला नाही, त्याचा पैशावरचा विश्वासही त्या दिवसापुरता डळमळतो, हे सचिवांनी त्या सकाळी अनुभवले. ३३३ ला ३ ने गुणले की ९९९ होतात, एवढ्यावरून कारण उघड झाले. सचिवांचा प्रश्न मात्र वेगळा होता : "इंग्रजीला एकपट आन् मराठीला तिप्पट, ह्यो कुठला न्याय?"

या प्रश्नाचे उत्तर थोडे मागे जाऊन द्यावे लागते. लघुसंदेशाची कल्पना १९८० च्या दशकात युरोपात आकाराला आली, तेव्हा तो फोन जोडण्यासाठी लागणाऱ्या संकेतवाहिनीतून पाठवायचा ठरला, आणि त्या वाहिनीत एका संदेशाला १४० बाइटांचीच जागा मिळाली. १४० बाइट म्हणजे ११२० बिटे. सात बिटांची एक खूण धरली तर १६० खुणा बसतात, आणि १६० हा आकडा त्यातूनच आला. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला, तो नाताळच्या शुभेच्छेचा होता आणि इंग्रजीत होता. देवनागरीसाठी प्रत्येक खुणेला सोळा बिटे लागतात, म्हणून त्याच ११२० बिटांत फक्त ७० खुणा मावतात. मजकूर त्याहून मोठा झाला की त्याचे तुकडे होतात, आणि हा तुकडा कोणत्या संदेशाचा व कितवा, हे सांगणारे सहा बाइट प्रत्येक तुकड्यातून कापले जातात. मग उरलेल्या १३४ बाइटांत मराठीच्या ६७ खुणा राहतात. फोन ते तुकडे जोडून एकच संदेश दाखवतो, त्यामुळे वाचणाऱ्याला काही कळत नाही. कळते ते पैसे भरणाऱ्याला.

संस्थेचा संदेश नाव वगळून असा होता : "नमस्कार, आपले दि. ११ ते २० या कालावधीतील दूध बिल रु. ४८६५ आपल्या बँक खात्यात जमा करण्यात आले आहे. पशुखाद्य कपात रु. १२००. शेतकऱ्यांच्या सेवेत सदैव तत्पर." याच्या खुणा १५३ होतात. सात बिटांच्या तक्त्यात इतक्या खुणा एका संदेशात आरामात बसल्या असत्या. सोळा बिटांत दोन तुकड्यांची मर्यादा १३४ ची असल्याने हा मजकूर नावाशिवायच तिसऱ्या तुकड्यात शिरतो. "शेतकऱ्यांच्या" हा शब्द वाचताना पाच अक्षरांचा वाटतो, मोजताना तेरा खुणांचा निघतो, कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि प्रत्येक हलन्त स्वतंत्र मोजला जातो. खर्च वाचवण्यासाठी सचिवांनी मधल्या काळात मराठी अंक काढून इंग्रजी अंक घातले होते. त्याने एक पैसाही वाचला नाही, कारण मजकुरात देवनागरीची एक जरी खूण असली तरी संपूर्ण संदेश, त्यातील अंक आणि मोकळ्या जागांसह, सोळा बिटांत जातो.

तेव्हा न्यायाच्या प्रश्नाचे उत्तर असे की तक्ता करणाऱ्यांनी मराठीशी वैर धरले नव्हते. त्यांच्यासमोर मराठी नव्हतीच. पुढे हिंदीसह काही भारतीय भाषांसाठी सात बिटांचे पर्यायी तक्ते मानकात घातले गेले, पण संस्थेच्या कंपनीकडे ती सोय नव्हती आणि ती सर्व फोनांवर चालेल याची हमी द्यायलाही ती तयार नव्हती. एवढे खरे असले तरी तिप्पट खर्चाचा सगळा दोष त्या तक्त्यावर टाकणे लेखकाला पटत नाही. "शेतकऱ्यांच्या सेवेत सदैव तत्पर." हे एकच वाक्य ३१ खुणांचे आहे, आणि त्यातून उत्पादकाला काहीही कळत नाही. सरकारी पत्राची भाषा आपण सत्तर खुणांच्या चिठ्ठीत कोंबत होतो.

नवा संदेश

संचालकांच्या बैठकीत तासभराच्या चर्चेनंतर नवा मजकूर ठरला : "कोड ४२: दूध बिल ११-२०: रु. ४८६५ खात्यात जमा. खाद्य कपात रु. १२००." याच्या खुणा ६५ होतात. कोड तीन अंकी झाला आणि दोन्ही रकमा पाच अंकी झाल्या, तरी ६८ भरतात, म्हणजे सत्तरच्या आत राहतात. नाव गाळण्याला एका संचालकांचा विरोध होता. त्यांना दाखवून दिले की नोंदणीच्या नियमाप्रमाणे नमुन्यातील बदलत्या जागेत ३० पर्यंतच खुणा चालतात, आणि वडिलांच्या नावासह आडनाव लिहिले की कित्येक नावे त्याबाहेर जातात. अर्धे तोडलेले नाव पाठवण्यापेक्षा काट्यावर रोज बोलला जाणारा नंबर पाठवावा, हे शेवटी सर्वांना पटले. दोन रात्री जागून दुरुस्त केलेली नावे त्यामुळे संदेशात आलीच नाहीत. ती छापील पासबुकांवर उतरली, तेवढे श्रम कारणी लागले.

साध्या बटणांच्या काही फोनांवर मात्र हा संदेशही चौकोनांच्या रांगेसारखा दिसतो. ही चूक आधीच्यांपेक्षा वेगळ्या जातीची आहे : क्रमांक बरोबर पोहोचले आहेत, वहीही बरोबर उघडली आहे, पण त्या फोनमध्ये देवनागरीचे आकारच नाहीत. पाठवणाऱ्याच्या हातात यावर उपाय नाही. अशा उत्पादकांची यादी वेगळी केली आणि त्यांच्यासाठी रोमन लिपीत मराठी मजकुराचा दुसरा नमुना नोंदवला.

दिवाळीला मिळणाऱ्या दूध दराच्या फरकाचा संदेश ठरवताना चेअरमननी त्यात पणतीचे चित्र हवे असा आग्रह धरला. मजकूर "कोड ४२: दूध दर फरक रु. १८७५० खात्यात जमा. शुभ दीपावली." असा ५४ खुणांचा होता, म्हणजे जागेची अडचण नव्हती. पणतीला २०१९ मध्ये युनिकोडमध्ये १२९६८४ हा क्रमांक मिळाला आहे. तो ६५५३५ च्या पलीकडचा असल्यामुळे सोळा बिटांच्या एका घरात बसत नाही आणि त्याला दोन घरे लागतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील कागद ज्या मोडीत आहेत, ती मोडीही २०१४ मध्ये तक्त्यात आली तेव्हा याच पलीकडच्या भागात बसवली गेली. चित्र धरून संदेश ५६ घरांत मावला असता. पण गावातील बरेच फोन २०१९ च्या आधीचे आहेत, त्यांवर पणतीच्या जागी चौकोन दिसला असता, आणि संस्थेकडून दिवाळीला चौकोन आल्यावर दुसऱ्या दिवशी काट्यापाशी काय चर्चा होईल हे सचिवांनी बैठकीत सांगितले. पणती वगळली गेली, आणि ४१२ संदेशांना ४१२ क्रेडिट लागली.